अंगणातली शाळा

महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात सकाळच्या प्रहरी गेले, तर देवळाशेजारी किंवा शाळेच्या आवारात एक लहानशी इमारत दिसते. आत तीन ते सहा वर्षांची मुले फेर धरून गाणी म्हणत असतात. एका कोपऱ्यात तान्ह्या बाळाचे वजन चाललेले असते आणि त्याची आई काट्याकडे उत्सुकतेने पाहत असते. बाजूला मुलांसाठी खिचडी शिजत असते. या ठिकाणाला अंगणवाडी म्हणतात, हे कोणाला सांगावयास नको. परंतु अंगण नसलेल्या इमारतीलाही अंगणवाडी का म्हणावे, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. या शब्दाचा जन्म एका खऱ्याखुऱ्या अंगणात झालेला आहे. समुद्रकाठच्या एका गावात पन्नाशी ओलांडलेल्या एका विदुषीने मुलांची वाट पाहिली. मुले आली नाहीत. तेव्हा ती स्वतःच मुलांच्या दारी गेली. त्या थोर स्त्रीचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या वडिलांचे नाव सदाशिवराव केळकर आणि आईचे उमाबाई. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते. जातिभेद मानू नये, विधवेला पुन्हा संसार मांडण्याचा अधिकार असावा, मुलींनाही मुलांसारखेच शिक्षण मिळावे, असे प्रार्थना समाजाच्या लोकांचे मत होते. मुलीला पत्र लिहिण्यापुरते अक्षर आले म्हणजे पुष्कळ झाले, असे मानण्याच्या त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु संसारात मतभेद वाढत गेले आणि १९२१ मध्ये उभयता विभक्त झाले. पदरी एक लहान मुलगी होती. त्या काळी अशा स्त्रीकडे समाज सहानुभूतीने पाहत नसे. ताराबाई मात्र खचल्या नाहीत. राजकोट येथे शिक्षिका तयार करणारे एक महाविद्यालय होते. तेथे प्राचार्यपदाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. मानाची जागा, चांगले वेतन आणि राहावयास घर, असे सारे काही त्यांना लाभले.

तथापि एक प्रश्न त्यांना सतावू लागला. आपल्या लहानग्या मुलीला कसे वाढवावे आणि कसे शिकवावे? हा प्रश्न आज साधा वाटेल. त्या काळी तो कोणी विचारीतच नसे. मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत त्याला शिकवण्यासारखे काही नसते, ते आपोआप वाढते, अशी सर्वांची समजूत होती. मूल रडले की त्याला बागुलबुवाचे भय दाखवावे, हट्ट केला की धपाटा घालावा, प्रश्न विचारला की गप्प बसवावे, असा बहुतेक घरांतील रिवाज होता. शाळेत गेल्यावर पंतोजींची छडी होतीच. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, त्याचे मन निराळे असते आणि त्याच्या वाढीचे काही नियम असतात, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले होते.

ते ज्यांच्या ध्यानात आले, त्यांत इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसोरी अग्रगण्य होत्या. १९०७ साली त्यांनी रोम शहरातील गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत मुलांसाठी एक घर उघडले. तेथे मुलांच्या उंचीच्या खुर्च्या व मेजे होती, त्यांच्या हाताला येतील अशी कपाटे होती आणि निरनिराळ्या आकारांचे लाकडी ठोकळे होते. ते रचता रचता, जुळवता जुळवता मुले आपली आपणच शिकत. शिक्षा नव्हती आणि बक्षिसाचे आमिषही नव्हते. भारतात सौराष्ट्रातील भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये याच विचारांचे बालमंदिर सुरू केले. गिजुभाई मूळचे वकील. परंतु मुलांच्या ओढीने त्यांनी वकिली सोडली होती. त्यांच्या भरघोस मिशा आणि मुलांवरील माया पाहून लोक त्यांना मिशाळ आई या अर्थाचे लाडके गुजराती नाव देत.

गिजुभाईंच्या कार्याने ताराबाईंचे मन वेधून घेतले. १९२३ मध्ये त्यांनी राजकोटचे प्राचार्यपद सोडले आणि भावनगरची वाट धरली. प्राचार्यपदावरील पदवीधर बाईने तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसावे, हे पुष्कळांना वेडेपणाचे वाटले असेल. ताराबाईंना मात्र आपल्या आयुष्याचे काम सापडले होते. पुढील काही वर्षे त्यांनी बालमंदिरात मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. मूल केव्हा रमते, केव्हा कंटाळते, कशामुळे हट्टाला पेटते, एकच ठोकळा पुन्हा पुन्हा का लावते, याचा त्यांनी अभ्यास केला. त्या गुजराती उत्तम शिकल्या आणि त्या भाषेत मुलांसाठी लिहू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. त्याची धुरा गिजुभाई आणि ताराबाई यांनी खांद्यावर घेतली. आईबापांना आणि शिक्षकांना बालशिक्षणाची दृष्टी यावी म्हणून संघाने शिक्षणपत्रिका नावाचे मासिक चालवले. पुढे ते मराठीतही निघू लागले.

ताराबाईंच्या लेखनाचा रोख मोठ्या माणसांकडे असे. बालकांचा हट्ट, बालविकास व शिस्त ही त्यांच्या पुस्तकांची नावेच त्यांच्या विचाराची दिशा दाखवतात. मुलाच्या हट्टामागे बहुधा काही तरी कारण असते; ते शोधले पाहिजे, असे त्या समजावून सांगत. भयाने मूल गप्प बसते, शहाणे होत नाही, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार होते. स्वतःच्या हाताने जेवणे, स्वतःच्या वस्तू जागेवर ठेवणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, अशा लहान लहान कृतींतून जी शिस्त येते तीच टिकते, अशी त्यांची खात्री होती.

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईत होत्या. त्या वर्षी त्यांनी दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. थोड्याच काळात शिशुविहाराचे नाव सर्वतोमुखी झाले. नीटनेटके वर्ग, देखणी साधने आणि हसतखेळत शिकणारी मुले पाहून पालक संतुष्ट झाले. बालशिक्षिका तयार करण्याचे कामही तेथे सुरू झाले. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि संघाचा सारा भार ताराबाईंवर आला. तोही त्यांनी समर्थपणे पेलला. कार्य वाढत होते, कीर्ती वाढत होती. एखाद्याने यातच समाधान मानले असते.

ताराबाईंना मात्र समाधान नव्हते. शिशुविहारात येणारी मुले कोणाची होती? ज्यांच्या घरी दोन वेळचे अन्न होते, अंगभर कपडे होते आणि शाळेचे शुल्क भरण्याची ऐपत होती, त्यांची. माँटेसोरीबाईंनी आपले पहिले घर गरिबांच्या वस्तीत उघडले होते. पण भारतात त्यांची पद्धत श्रीमंतांच्या अंगणापुरतीच राहिली होती, कारण तिची साधने महाग होती. १९३१ मध्ये महात्मा गांधी लंडनमध्ये असताना माँटेसोरीबाईंची आणि त्यांची भेट झाली होती. हे शिक्षण भारतातील लक्षावधी गरीब मुलांपर्यंत पोहोचेल का, अशी तळमळ गांधीजींनी त्या वेळी बोलून दाखवली होती. खेड्यांत त्या काळी बालकांची दशा अतिशय करुण होती. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी दीडशेच्या जवळपास बालके आपला पहिला वाढदिवससुद्धा पाहत नसत. जी जगत, त्यांपैकी अनेकांची वाढ अन्नावाचून आणि औषधावाचून खुंटत असे. शहरातील सुखवस्तू मुलांसाठी झटताना खेड्यातील या मुलांकडे पाठ फिरवून कसे चालेल?

अखेर ताराबाईंनी निश्चय केला. दादरची नावारूपाला आलेली संस्था सहकाऱ्यांवर सोपवून त्या बोर्डी या गावी गेल्या. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. बोर्डी हे गाव त्या वेळच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात आहे. गावाच्या एका अंगाला समुद्र आहे, तर दुसऱ्या अंगाला डोंगरापर्यंत वारली व इतर आदिवासींचे पाडे पसरलेले आहेत. तेथे २४ डिसेंबर १९४५ रोजी ग्राम बाल शिक्षा केंद्राचा आरंभ झाला. याच वेळी अनुताई वाघ नावाची एक तरुण शिक्षिका त्यांना येऊन मिळाली. अनुताईंना बालपणीच वैधव्य आले होते. परंतु त्या जिद्दीने शिकल्या होत्या. ताराबाईंचा विचार आणि अनुताईंची कष्टाळू वृत्ती यांचा जो संगम बोर्डीस झाला, तो पुढे अखेरपर्यंत टिकला.

बालवाडी सुरू झाली. गावातील बरी परिस्थिती असलेल्या घरची मुले येऊ लागली. परंतु ज्यांच्यासाठी ताराबाई मुंबई सोडून आल्या होत्या, ती मुले येईनात. गावाच्या कडेला दलितांची वस्ती होती. तिला त्या काळी हरिजनवाडा म्हणत. तेथील मुले दारापर्यंतही फिरकत नसत. इतर कोणी असता तर या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असा शेरा मारून मोकळा झाला असता. ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही आणि त्यांच्या आईबापांनाही दिला नाही. मुले का येत नाहीत, याचा त्यांनी शांतपणे शोध घेतला.

कारणे स्पष्ट होती. पिढ्यान्पिढ्या ज्यांना गावाने दूर ठेवले, त्यांची पावले गावातील बालवाडीकडे सहजासहजी कशी वळणार? आईबाप पहाटेच मोलमजुरीला जात. घरी राहिलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. त्याला टाकून तिने शाळेत कसे जावे? कोणाला गुरे राखावी लागत, कोणाला लाकूडफाटा गोळा करावा लागे. कित्येकांच्या अंगावर धड वस्त्र नव्हते. शिवाय शाळेची वेळ घड्याळाप्रमाणे ठरलेली होती आणि या घरांचा दिवस कामाप्रमाणे चालत होता.

हे ध्यानात येताच ताराबाईंनी वरवर साधा दिसणारा, पण फार मोठा निर्णय घेतला. मुले शाळेत येऊ शकत नसतील, तर शाळेने मुलांकडे जावे. गावातील बालवाडी ठरल्या वेळी चालू राहिली. तिच्या जोडीला वस्तीतील एखाद्या घरासमोर, सारवलेल्या अंगणात, मुलांना सोयीच्या वेळी दुसरी बालवाडी भरू लागली. हीच अंगणवाडी. अंगणात भिंती नव्हत्या, बाके नव्हती, फळा नव्हता. शिकवणाऱ्या ताई तेथे येत, मुलांना हाका मारीत, आणि मुले जशी असतील तशी येऊन बसत. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला कोणी परत पाठवीत नसे. ते भावंडही अंगणवाडीचेच होऊन जाई. दाराआडून आया पाहत आणि हळूहळू त्याही उंबऱ्याबाहेर येऊन बसत.

या शाळेचा पहिला धडा अक्षरांचा नव्हता, तो पाण्याचा होता. मुलांचे हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे, डोळे व नाक स्वच्छ करणे, खरूज किंवा जखम असेल तर औषध लावणे, हे काम आधी करावे लागे. जे मूल खाजेने आणि भुकेने हैराण झाले आहे, त्याचे मन गाण्यात किंवा गोष्टीत कसे रमेल? शरीर आणि मन यांची वाढ एकत्रच होते, हे ताराबाईंनी ओळखले होते. म्हणून त्यांच्या अंगणवाडीत आरोग्य आणि शिक्षण हे दोन निराळे विषय नव्हते. स्वच्छ झालेले मूल आरशात स्वतःला पाहून खुलत असे, आणि तेथूनच त्याचे शिक्षण सुरू होई. आईच्या डोळ्यांसमोर हे सारे घडत असल्यामुळे स्वच्छतेचा धडा तिलाही आपोआप मिळत असे.

आता प्रश्न होता साधनांचा. माँटेसोरी पद्धतीची लाकडी साधने विकत घेणे खेड्यात परवडणारे नव्हते. परंतु ताराबाईंनी या पद्धतीचे बाह्य रूप आणि तिचे मर्म यांतील भेद जाणला होता. मुलाच्या हातांना आणि डोळ्यांना काम हवे. ते काम विलायती ठोकळ्यांनीच झाले पाहिजे असे थोडेच आहे? समुद्रकाठी शंखशिंपले होते, झाडांखाली चिंचोके आणि नाना प्रकारच्या बिया होत्या, नदीनाल्यांत गोटे होते, रानात पाने, फुले आणि बांबू होते. मुले शिंपले लहानमोठे लावीत, चिंचोके मोजीत, पानांचे आकार जुळवीत, ओल्या मातीचे बैल आणि चुली करीत. एका पैचाही खर्च न होता लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत यांची ओळख त्यांना पटत असे. आदिवासी मुलांची बोली पुस्तकी मराठीहून निराळी होती. म्हणून मुलांना शिकवण्याआधी ताईंना मुलांकडून त्यांची बोली शिकावी लागली.

बोर्डीत जे सिद्ध झाले, ते डोंगरपाड्यांपर्यंत नेण्यासाठी १९५७ साली हे केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. ताराबाईंचे वय तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. या भागात त्यांनी व अनुताईंनी आणखी काही प्रयोग केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. म्हणून गुरे चरत त्या माळावरच शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरांवर एक डोळा ठेवून मुले झाडे, पाखरे, ऊन आणि सावली यांच्याकडून शिकत. याहून महत्त्वाचा प्रयोग म्हणजे विकासवाडी. तीत तान्ह्या मुलांचे पाळणाघर, मधल्या मुलांची बालवाडी आणि मोठ्यांची प्राथमिक शाळा, अशी तिन्ही एकाच ठिकाणी असत. धाकटे भावंड पाळणाघरात सुखरूप आहे, हे ठाऊक असल्यामुळे मोठी बहीण शेजारीच निर्धास्तपणे धडा वाचू शके. ज्या एका अडचणीपायी कितीतरी मुलींचे शिक्षण बुडत होते, ती या युक्तीने दूर झाली. या कार्यासाठी खेड्यांत जाऊन काम करणाऱ्या बालसेविका लागत; त्यांना तयार करण्याचे वर्गही केंद्राने चालवले.

ताराबाईंच्या या सेवेचा गौरव म्हणून भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालवले आणि १९९२ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत ते सोडले नाही.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सहा वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि लहान मुलांना शाळेपूर्वीचे शिक्षण एकाच ठिकाणी मिळावे, हा तिचा हेतू. त्या ठिकाणाला अंगणवाडी हेच नाव देण्यात आले. प्रारंभी ही योजना देशातील अवघ्या ३३ ठिकाणी होती; आज भारतात तेरा-चौदा लाख अंगणवाड्या आहेत. माणसाच्या मेंदूची बहुतांश वाढ पहिल्या सहा वर्षांतच होते, असे आता शास्त्रज्ञ सांगतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर ही वाढ पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक असते असे नमूद केले आहे. ही वर्षे वाया गेली तर ती पुन्हा हाती येत नाहीत. ताराबाईंजवळ अशी आकडेवारी नव्हती. मुलांच्या डोळ्यांत पाहून त्यांनी हे सत्य ओळखले आणि त्यासाठी आयुष्य वेचले.

मोठी कामे मोठ्या इमारतींतच सुरू होतात असे नाही. ताराबाईंपाशी ज्ञान होते, मान होता आणि नावाजलेली संस्था होती. परंतु ज्या मुलांना त्यांची सर्वांत अधिक गरज होती, ती त्यांच्यापर्यंत येऊ शकत नाहीत हे दिसताच त्यांनी आपली जागा सोडली आणि त्या मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या. अंगणवाडी हा शब्द उच्चारताना आपण नकळत या एका पावलाचेच स्मरण करीत असतो. आपल्या गावच्या अंगणवाडीत सकाळी जे चिमुकले भावंड हसत शिरते, ते त्याच पावलामागून चालत असते.